मडगार्डाची आतली बाजू

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम वसाहतीत आमचे एक वडीलधारे स्नेही राहतात. वसाहतीत त्यांना सारे नाना म्हणतात. येथेही तेवढे नाव पुरे. त्यांच्या फाटकाआड, पत्र्याच्या छपराखाली, दोन आसनांची एक उघडी मोटार उभी असते. एम. जी. कंपनीची टी. डी.; बांधणी १९५२ ची, इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. १९५० ते १९५३ या काळात या जातीच्या तीस हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेस गेल्या. नानांच्या वडिलांनी ही गाडी घेतली तीही जुनीच. पोलादी चासी, तिच्यावर ॲश लाकडाचा सांगाडा, सांगाड्यावर पत्रा, आणि पुढच्या चाकांवरून वळण घेत पायफळीपर्यंत उतरणारी दोन लांब मडगार्डे, असे तिचे रूप आहे. आजच्या मोटारीचे तोंड म्हणजे एकसंध मुखवटा असतो. हिच्या तोंडाचे अवयव मात्र सुटे सुटे मोजता येतात: रेडिएटरचे उभे कवच, त्याच्या दोन बाजूंना डोळ्यांसारखे बसवलेले दिवे, खाली बंपर, आणि दोन्हीकडे मडगार्डे. प्रत्येक अवयव बोल्टांनी जोडलेला. म्हणजे काढता येणारा, आणि म्हणूनच बदलता येणाराही.

ग्वाल्हेरला मोटारींचे वेड जुने आहे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर, सहा घाट ओलांडत, मोटारींची जी चाचणी झाली तीत नाव कमावलेली रोल्स-रॉइस ग्वाल्हेरच्या महाराजांनी, म्हणजे माधवराव शिंद्यांनी, विकत घेतली आणि 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. सह्याद्रीच्या घाटांत कसाला उतरलेली वस्तू चंबळेच्या मुलखात येऊन स्थिरावली, यात येथील मराठी माणसाला थोडी आपलीच कुळकथा दिसली तर त्याला हसू नये. नानांची गाडी त्या मानाने सामान्य. राजाची नव्हे, हौशी माणसाची.

दोन हिवाळ्यांपूर्वी, जानेवारीतल्या एका संध्याकाळी व्यापार मेळ्यातून परतताना दाट धुक्यात ही गाडी पुढे चाललेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मागून आदळली. (हा मेळा १९०५ साली माधवरावांनीच सुरू केला. अलीकडे तेथे नव्या मोटारींवर अर्धा रोड टॅक्स माफ होतो म्हणून गर्दी लोटते. जुन्या मोटारीतून तेथे जाणे ही नानांची दरवर्षीची एक लहानशी मिरवणूक होती.) ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, लाल पट्टीही नव्हती. गाडीचे दिवे सत्तर वर्षांपूर्वीच्या बेताचे. वेग फारसा नव्हता, तरी बंपर वाकून आत शिरला, उजवा दिवा फुटून त्याची वाटी चेपली, रेडिएटरच्या कवचाला खोल पोच आला आणि उजवे मडगार्ड मध्ये मोडून चाकावर टेकले. गाडी दोरीने ओढत घरी आणावी लागली.

पुढचे काही आठवडे नानांच्या ओसरीवर एकाच विषयावर चर्चा चालली. पुण्याहून आलेला भाचा म्हणाला की असली मडगार्डे इंग्लंडात आजही नवी घडवून विकली जातात. ती मागवावी, बसवावी, आणि मोकळे व्हावे. शेजारच्या एका गृहस्थांचे मत असे की बाजारातला कोणताही डेंटर चार दिवसांत ठोकून, पुट्टी भरून, रंग मारून देईल. एवढा घोळ कशाला? तिसरे मत नानांच्या पत्नींचे. त्यांना सगळे वहिनी म्हणतात. त्या म्हणाल्या, "आहे तशी राहू द्या. रोज दिसेल तर पुन्हा धुक्यात बाहेर काढायची बुद्धी होणार नाही." तेव्हा आम्ही सगळे हसलो. मागाहून लक्षात आले की तिघांमध्ये दुरुस्तीला नैतिक प्रश्न मानणाऱ्या त्या एकट्याच होत्या. उरलेले दोघे खर्चाविषयी बोलत होते.

अखेर नानांनी चौथाच मार्ग धरला. झाशी रस्त्याकडे एका शेडमध्ये एक वयस्क कारागीर पत्र्याचे काम करतात. त्यांना सर्व उस्ताद म्हणतात. जुने मडगार्डच सरळ करायचे, त्यातला जेवढा पत्रा वाचेल तेवढा वाचवायचा, आणि अगदी फाटला असेल तेथेच तुकडा जोडायचा, असे ठरले. हे काम पाहण्याच्या निमित्ताने आमच्या त्या शेडमध्ये अनेक खेपा झाल्या. या लेखातला विचार, जो काही आहे तो, तेथेच सुचला.

पहिले दोन दिवस उस्तादांनी हातोडी उचललीच नाही. बंपर, दिवे, कवच, मडगार्ड सोडवून त्यांनी उघडी चासी चार ठोकळ्यांवर ठेवली आणि ओळंबा व दोरी घेऊन मापे घेतली. चासीच्या चार ठरलेल्या छिद्रांमधून जमिनीवर खुणा उतरवायच्या आणि समोरासमोरचे दोन कर्ण मोजायचे. कर्ण सारखे भरले तर सांगाडा सरळ, एक लांब भरला तर तो तिरपा झाला. तोंड चेपले की सारेजण तोंडाकडे पाहतात. उस्तादांच्या लेखी तोंड शेवटी. धक्का आत कोठवर पोहोचला हे कळल्याखेरीज बाहेर हात लावणे म्हणजे ताप न मोजता अंगाला चंदन लावणे. सुदैवाने कर्णांत फरक निघाला तो सुताएवढा, आणि तोही ओढून सरळ झाला.

मग मडगार्ड. पत्रा चेपतो तेव्हा तो केवळ जागा सोडत नाही. काही ठिकाणी तो ताणला जातो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळच वाढते. काही ठिकाणी त्याची घडी पडते आणि त्या घडीपाशी तो पहिल्यापेक्षा कठीण होतो. ताणलेला भाग नुसता ठोकून परत बसत नाही, तो फुगतच राहतो. त्याला गॅसच्या ज्योतीने एका टिकलीएवढ्या जागी लाल करायचे, हलके ठोकायचे आणि ओल्या फडक्याने झटकन निववायचे, म्हणजे तो आकसतो. अशा किती टिकल्या त्या मडगार्डावर पडल्या ते आम्ही मोजले नाही. एका हातात आतून धरलेली डॉली, म्हणजे पोलादाचा गुळगुळीत ठोकळा, दुसऱ्या हातात बाहेरून हातोडी, मध्ये पत्रा. उस्तादांची नजर पत्र्यावर नसेच. तळवा पालथा फिरवून ते उंचवटा शोधीत.

या कामातला एक नियम आम्हांला विलक्षण वाटला. अपघातात जी पोच शेवटी पडली ती आधी काढायची, आणि जी आधी पडली ती शेवटी. प्रथम बंपर आत आला, त्याने दिव्याचा दांडा ढकलला, दांड्याने मडगार्डाचा माथा दाबला, आणि माथा दबल्यामुळे त्याची कड चाकापाशी मुडपली. तेव्हा सुरुवात मुडपलेल्या कडेपासून. हा क्रम चुकवून थेट मोठ्या खड्ड्यालाच हात घातला तर भोवतीच्या घड्या त्याला धरून ठेवतात आणि नव्या घड्या पडतात. म्हणजे डेंटरला अपघात उलटा वाचावा लागतो. पहिल्या क्षणाशी तो सर्वांत शेवटी पोहोचतो. ज्याने अपघात पाहिला नाही तो माणूस पाहणाऱ्यांपेक्षा अधिक अचूकपणे तो सांगू शकत होता. धडक सरळ नव्हती, गाडी शेवटच्या क्षणी डावीकडे वळवली गेली होती, हे उस्तादांनी मडगार्ड पाहून नानांना सांगितले. नाना काही बोलले नाहीत.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. असा विषय निघाला की कोणीतरी जाणकार थीसियसच्या जहाजाची गोष्ट काढतोच. फळ्या एकेक करून बदलल्या. सगळ्या बदलल्यावर ते जहाज तेच की दुसरे? प्लुटार्कने हा वाद नोंदवला आणि सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली की काढलेल्या फळ्या जोडून कोणी दुसरे जहाज उभे केले तर काय? आपल्याकडे 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन राजाला विचारतो की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे त्याचा कणा, की चाके, की जू? यांपैकी काहीच नव्हे, आणि यांच्यावाचूनही नव्हे. 'रथ' हे त्या जुळणीला दिलेले व्यवहाराचे नाव. हा विचार खोल आहे यात शंका नाही. पण पत्र्याच्या शेडमध्ये तो आमच्या फारसा उपयोगी पडला नाही. नागसेन आणि मिलिंद ज्या रथाविषयी बोलत होते तो धडधाकट होता आणि तो कोणी विकायला काढला नव्हता. 'तोच की दुसरा' हा प्रश्न वस्तूविषयी आहे. दुरुस्तीत खरा पेच पडतो तो माणसांमध्ये: वस्तूवर काय गुदरले हे कोणाला ठाऊक आहे, कोणाला नाही, आणि न सांगण्याचा फायदा कोणाला होतो.

न्यायालयांनाही या वाटेने जावे लागले आहे. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकणारी 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली पुढे वारंवार बदलली गेली. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवरून ती बाहेर उडाली आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. त्यानंतर ती पुन्हा उभारली गेली. अनेक दशकांनी तिचा एक कोटी पौंडांचा सौदा झाला, आणि खरेदीदाराने मागे फिरून म्हटले की ही ती गाडीच नव्हे, मूळ भाग तर हिच्यात जवळजवळ उरलेले नाहीत. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती ऑटन यांनी 'मूळ' हा शब्द या गाडीला लावण्याचे नाकारले, पण तिला नक्कलही म्हटले नाही. बदल होत गेले, तरी तिचा इतिहास कोठेही तुटला नाही, ती नाहीशी होऊन दुसरी आली असा क्षण दाखवता येत नाही; म्हणून ती अस्सल 'ओल्ड नंबर वन'च. आम्हांला या निकालातील मर्म असे वाटते की गाडीचे अस्सलपण तिच्या लोखंडातून उचलून तिच्या वृत्तान्तात ठेवले गेले. मात्र मग वृत्तान्त खरा असण्याची जबाबदारी फार वाढते. त्या वृत्तान्तात डन्फीचा मृत्यूही आलाच. तो गाळून उरलेले अस्सलपण कोणी मागू शकत नाही.

(एम. जी. या नावाचेच पाहा. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला. नाव अनेक हात फिरून चिनी मालकीत गेले. २०१९ पासून हे नाव लावलेल्या गाड्या गुजरातेत हालोल येथे तयार होऊ लागल्या. त्या गाड्यांविषयी आमची काही तक्रार नाही. पण बिल्ला वाचलेला आणि बाकी सगळे बदललेले, असे ते उदाहरण आहे.)

बाजारातील डेंटिंग-पेंटिंगविषयी मात्र थोडे कठोर बोलणे प्राप्त आहे. ग्वाल्हेरीस जिला पुट्टी म्हणतात आणि महाराष्ट्रात लांबी, ती वस्तू मुळात वाईट नाही. हातोडीने सारखा केलेल्या पत्र्यावर उरलेल्या बारीक खाचा बुजवायला ती पातळ थरात लागतेच. पूर्वी त्याच कामाला शिसे-कथील वितळवून भरीत. प्रश्न थराच्या जाडीचा आहे. खड्डा बाहेर न काढता तो बोटभर पुट्टीने भरला, पाणीकागदाने घासला, वर ड्युकोचा हात मारला, की डोळ्यांना फरक कळत नाही. कळतो तो दोन-तीन पावसाळ्यांनंतर, थर सुटू लागल्यावर. पहिल्या प्रकारात पुट्टी कामाचा शेवट असते, दुसऱ्यात न केलेल्या कामाची जागा घेते. डबा तोच, हातही कदाचित तोच. म्हणून 'पुट्टी लावणे खोटे का?' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. तिच्याखाली काय आहे ते विचारावे लागते.

याच्या उलट टोकाला हल्ली एक फॅशन आली आहे. जपानी लोक फुटलेले भांडे सोन्याच्या भुकटीने सांधतात, भेग लपवण्याऐवजी उजळवतात, हे उदाहरण आता प्रत्येक व्याख्यानात ऐकू येते. चहाच्या वाडग्याला ते शोभते. पण जखम मिरवणे हेही कधी कधी तिच्याकडे न पाहण्याचा एक प्रकार असतो, आणि मडगार्डाचा सांधा सुंदर दिसण्याआधी चाकाचा चिखल व खडे सोसणारा असावा लागतो.

ग्वाल्हेरकरांना या वादासाठी जपानला जाण्याची गरज नाही. किल्ल्याच्या उरवाही बाजूला कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, त्यांतली सर्वांत मोठी सुमारे ५७ फुटांची. १५२८ साली बाबर येथे आला. त्या मूर्ती भग्न करण्याचा हुकूम आपण दिला, असे त्यानेच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. कित्येक मूर्तींचे मुखभंग झाले. पुढे जैन समाजाने काही मुखे चुन्याच्या गिलाव्याने पुन्हा घडवली. वरचा चेहरा दगडाचा नाही हे जवळून पाहणाऱ्याला समजते. दुरून हात जोडणाऱ्याला समोर अखंड मुद्रा दिसते. १९६४ च्या व्हेनिस सनदेत वास्तूंच्या जीर्णोद्धाराविषयी जे तत्त्व पुढे मांडले गेले ते हेच, की घातलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण मूळ भागापासून ओळखूही यावा. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तुरीन येथे जी सनद संमत केली ती त्याच पायावर उभी आहे. पण सनदेला उपासकाची अडचण नसते. पंढरपूरच्या मूर्तीची झीज थांबवण्यासाठी २०२० साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तिच्यावर रासायनिक लेप दिला. त्याला वज्रलेप म्हणतात. त्या दर्शनाच्या वेळी लेपाचा विचार कोणाच्या मनात असतो? आणि असावा अशी अपेक्षा तरी का करावी? ज्याला विचारायचे आहे त्याला उत्तर मिळावे, एवढीच मागणी रास्त वाटते.

उस्तादांच्या शेडमध्ये हीच मागणी पुरी झालेली आम्हांला दिसली. मडगार्डाची बाहेरची बाजू त्यांनी अशी आणली की रंगाचा हात पडल्यावर जुन्या छायाचित्राशी ताडून पाहूनही दोष सापडेना. पण मडगार्ड उलटे केले की आतल्या बाजूला हातोडीच्या असंख्य बारीक खुणा, ज्योतीच्या टिकल्यांचे काळसर ठसे, आणि कडेपाशी जोडलेल्या वीतभर तुकड्याचा सांधा, असे सारे स्पष्ट होते. भाच्याने सुचवले की आतून गंज लागू नये म्हणून काळ्या लेपाचा जाड थर द्यावा. सूचना अगदी योग्य होती. गंजाची भीती खरी आहे. पण जाड थराखाली खुणाही गेल्या असत्या, हेही त्याला ठाऊक होते आणि ते त्याला नको होते असे नाही. "आत कोण बघतंय?" असे तो म्हणालाच. उस्तादांनी गंज धरणार नाही असा पातळ रंग दिला आणि सांधा उघडा राहू दिला. त्यांचे कारण साधे होते. उद्या पुन्हा कोणा कारागिराच्या हाती हे मडगार्ड आले तर पत्रा कोठे पातळ झाला आहे हे त्याला कळले पाहिजे. नाही तर तो त्याच जागी गरम करील आणि भोक पाडील. नीतीचा शब्दही न उच्चारता त्यांनी पुढच्या माणसाला सत्य सांगण्याची सोय केली होती.

येथवर लेख आमच्या मनाजोगता चालला आहे. पण ही हकीगत आम्ही बाहेरच्या बाजूनेच सांगितली.

ट्रॉलीच्या मागच्या कडेवर पाय सोडून एक सतरा वर्षांचा मुलगा बसला होता. बंपर आणि ट्रॉलीची लोखंडी कड यांच्यामध्ये त्याचा डावा घोटा सापडला. आणि गाडीत नाना एकटे नव्हते. शेजारच्या आसनावर आम्ही होतो. धुके वाढते आहे, थांबावे, असे आमच्या मनात आले होते. गप्पा रंगल्या होत्या म्हणून आम्ही ते बोललो नाही.

नानांनी हात झटकले नाहीत, हे प्रथम सांगितले पाहिजे. मुलाला त्यांनी त्याच रात्री इस्पितळात नेले, शस्त्रक्रियेचा सगळा खर्च केला, वर काही रक्कम त्याच्या वडिलांच्या हाती दिली. वडिलांनाही पोलिसांत जायचे नव्हते, कारण ट्रॉलीला दिवा नव्हता आणि ट्रॅक्टर शेतीच्या नावावर असून भाड्याने विटा वाहत होता. प्रकरण आपसांत मिटले. 'मिटले' हा शब्द त्या वेळी सर्वांच्या तोंडी होता, आमच्याही. मुलाच्या घोट्यात पोलादी पट्टी आणि स्क्रू आहेत. चालताना तो किंचित लंगडतो. नोंद झाली असती तर गाडीच्या विम्यातून, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, त्याला कायमच्या अधूपणाची भरपाई मागता आली असती. ती आम्ही दिलेल्या रकमेहून निश्चितच मोठी असती असे नव्हे. पण ती त्याच्या हक्काची असती, आमच्या चांगुलपणाची नव्हे. अशा दाव्याला २०१९ च्या कायदा-दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली. ते सहा महिने सरले तेव्हा आम्ही त्या शेडमध्ये बसून मूळच्या फिकट हिरव्या रंगात पिवळ्याची छटा किती असावी यावर बोलत होतो.

आम्हांला स्वतःचे समर्थन करता येते, आणि आम्ही ते मनाशी पुष्कळदा केले आहे. पैसा दिला, वेळ दिला, कोणी फसवला गेला नाही. पण पैसा दिला म्हणजे खड्डा भरला. पत्रा बाहेर आला का? उस्तादांनी शेवटच्या घडीपासून सुरुवात करून पहिल्या धक्क्यापर्यंत जाण्याचे जे कष्ट घेतले, ते आम्ही त्या मुलाच्या बाबतीत घेतले नाहीत. पहिल्या धक्क्याशी आमचे न बोलणे उभे होते.

हे सगळे मनात ढवळून निघण्याचे कारण एक सरकारी अर्ज ठरला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी 'व्हिंटेज' नोंदणी सुरू केली. 'व्ही. ए.' अक्षरांची वेगळी पाटी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार, आणि वापर रोजच्या रहदारीसाठी नव्हे तर प्रदर्शने, मिरवणुका, इंधन-दुरुस्ती एवढ्यापुरता. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे आणि चासी, शरीर किंवा इंजिन यांत बदल होईल अशी मोठी फेरबांधणी झालेली नसावी. नानांना गाडी विकायची आहे. मुले परदेशी आहेत, हात थरथरतात. विकण्याआधी ही नोंदणी करावी म्हणून त्यांनी कागद जमवले. मूळ स्वरूप! वीतभर पत्रा नवा, बाकी जुना. चासी सुताभर ओढलेली. नियमाच्या अर्थाने गाडी पात्र आहे असेच आमचे मत आहे, कारण बदल केलेला नाही, झालेला बदल परतवला आहे. तरी दुरुस्तीचा वृत्तान्त छायाचित्रांसह गाडीच्या फाइलीत असावा असे नानांनी ठरवले, आणि लिहिण्याचे काम, लिहिता माणूस म्हणून, आमच्याकडे आले.

आम्ही एक नीटस पान लिहिले. धुके, दिवा नसलेली ट्रॉली, बंपर, दिव्याची वाटी, मडगार्ड, कर्णांची मापे, जोडलेल्या तुकड्याची लांबी. या लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात वाचकांनी जो अपघात वाचला तो त्या पानावरून जवळजवळ जसाच्या तसा उतरवलेला आहे. नानांनी पान वाचले, चष्मा काढला आणि विचारले, "पोराचं कुठे आलंय?" आम्ही म्हणालो की ही गाडीची फाइल आहे. ते म्हणाले, "बंपर गाडीचाच होता ना?"

दुसरे पान लिहायला आम्हांला पहिल्याच्या चौपट वेळ लागला. त्यात मुलगा आहे, त्याचे वय आहे, घोटा आहे, नाव नाही. गाडीत दोघे होते हे आहे. पोलिसांत नोंद केली नाही, हेही आहे. वकील म्हणवणाऱ्या एका परिचितांनी ते वाक्य काढा असे सांगितले होते, तरी आहे.

गेल्या मार्गशीर्षात पुण्याहून एक गृहस्थ गाडी पाहायला आले. जाणकार होते. फाटकातून आत येताच ते समोरून गाडीकडे न पाहता उकिडवे बसले आणि हात मडगार्डाच्या आत घालून बराच वेळ फिरवत राहिले. "काम फार चांगलं आहे," ते म्हणाले. मग वहिनींनी दिलेला चहा घेत त्यांनी फाइल चाळली, दुसऱ्या पानाशी थांबले, ते पुन्हा वाचले. किमतीविषयी त्यांची काही हरकत नव्हती. त्यांनी फक्त विचारले की हे पान गाडीबरोबर घ्यावेच लागेल का? नानांनी होय म्हटले. घरी बोलून कळवतो, असे सांगून ते गेले. अद्याप कळवलेले नाही.

फाइल सध्या आमच्याकडे आहे. मुलाच्या घोट्याचा एक्स-रे तीत लावावा असे नाना म्हणतात. पट्टी आणि स्क्रू त्यात स्वच्छ दिसतात. तो लावायचा की नाही हे त्या मुलाला विचारल्यावाचून ठरवता येणार नाही, आणि दाव्याची वाट अजून कोठून उघडता येते का, हेही त्याच्या वडिलांसमोर एकदा बोलले पाहिजे. पुढच्या रविवारी मुरारच्या पलीकडे त्यांच्या गावी जायचे ठरले आहे. नाना बसने येणार आहेत.